चारही इंजेक्टर बदला म्हणतात? आधी तपासणी करून घ्या

ताईंनो, धान खरेदी सुरू झाली की आपल्या गटांच्या पिकअप गाड्यांना उसंत नसते. नेमकी तेव्हाच गाडी सकाळी लवकर चालू होत नाही, चढावर दम सोडते, काळा धूर मारते. मिस्त्री म्हणतो, "चारही इंजेक्टर गेले, बदलावे लागतील." ड्रायव्हर मान हलवतो आणि चेकबुक आपल्यासमोर येतं. सही आपली, हप्ता आपला, पण गॅरेजात आपल्यापैकी कोणी उभं नसतं. हे मला पटत नाही, म्हणून हा लेख.

फवारणी पंपाचं नोझल आपण सगळ्या ओळखतो. छिद्र चांगलं असलं की बारीक तुषार पडतात, झिजलं की धार लागते. इंजेक्टरचं कामही तसंच. तो इंजिनात डिझेलचे तुषार सोडतो. नव्या कॉमन रेल गाड्यांत डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवा असते जेमतेम दोन-अडीच बार, यावरून अंदाज घ्या. इतक्या दाबाची धार कातडी फोडून आत शिरते. म्हणून इंजिन चालू असताना ड्रायव्हरला डिझेलचे पाइप ढिले करू देऊ नका.

आता मुद्द्याचं. धूर किंवा मिसिंग दिसलं म्हणजे इंजेक्टरच गेला, असं नाही. डिझेल फिल्टर तुंबला, लाइनमध्ये हवा शिरली, एअर फिल्टर धुळीने भरला, तरी गाडी असंच करते. हे आधी बघायला सांगा, खर्च थोडा येतो. त्यानंतर रिटर्नची तपासणी. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकसारखी पारदर्शक बाटली लावायची आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं. ज्याची बाटली बाकीच्यांपेक्षा फार लवकर भरते, तो आतून झिजलेला. हे आपल्या डोळ्यांनी दिसतं, त्याला इंजिनिअर लागत नाही. संशय असलेला इंजेक्टर काढून डिझेल पंपाच्या लॅबमध्ये मशीनवर तपासता येतो. कधी साफ करून काम भागतं, काही इंजेक्टर दुरुस्तही होतात. चारातला एकच खराब निघाला तर बाकी तिघांचे पैसे काहून द्यायचे? हां, गाडी खूप चाललेली असेल आणि चारही सारखेच झिजले असतील, तर एकदम बदलणं बरं. पण ते तपासणीत दिसलं पाहिजे.

बदलायचं ठरलंच, तर तांब्याचे वॉशर नवेच घालायला सांगा. जुनं वॉशर परत बसवलं की तिथून गॅस लीक होते. बहुतेक कॉमन रेल इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. तो स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो, नाहीतर डिझेलचं माप चुकतं आणि नवे इंजेक्टर घालूनही गाडी खडखडते. कोडचा फोटो काढून ठेवा. जुने इंजेक्टर मागून घ्या आणि बिल पक्कं घ्या.

आणि इंजेक्टर खराब झाला कशाने, हेही विचारा. आपल्याकडे ट्रॅक्टर-थ्रेशरसाठी ड्रममध्ये डिझेल साठवतात, पावसाळ्यात त्यात पाणी उतरतं. डिझेल हलकं, म्हणून पाणी तळाशी बसतं. तेच टाकीत गेलं की इंजेक्टर गंजतो. रॉकेलची भेसळ असली तर आतल्या भागांना पुरेसं वंगण मिळत नाही. टाकी साफ न करता, फिल्टर न बदलता नवे इंजेक्टर टाकले तर पुन्हा तोच खर्च! फिल्टरखाली पाणी काढायचा स्क्रू असतो. इंजिन बंद ठेवून तो मधून मधून उघडायचा, खाली बाटली धरायची. हे काम ड्रायव्हरकडून दर महिन्याला करून घ्या, आणि तारीख व किलोमीटर गाडीच्या वहीत लिहायला लावा.

मोठ्या खर्चाचा ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहिताना तपासणीत काय निघालं, किती इंजेक्टर बदलले आणि बिल नंबर, एवढं नक्की टाका.