शेतकऱ्याचे काम, हीच धंदेशिक्षणाची शाळा

नांदेड-लातूरकडील शेतकरी मुलास शिकवितो तो बहुधा डॉक्टर वा इंजिनियर व्हावा म्हणून. परीक्षेच्या तयारीचा 'लातूर पॅटर्न' सर्वश्रुतच आहे. इकडे विहिरीवरील मोटार जळाली की ती तालुक्यास न्यावी लागते आणि हरभरा सुकत राहतो.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापिला. तेथील विद्यार्थी जोडकाम, बांधकाम, विजेचे काम, पशुपालन इत्यादी धंदे गावाच्या गरजेची कामे प्रत्यक्ष करून शिकतात. यातच सारे मर्म आहे. चावडीत बसून भरलेल्या पाहणीपत्रकातील पीक शिवारात सापडत नाही, हे महसूल खात्यात जन्म काढलेल्यास सांगावयास नको. फळ्यावरील धंदेशिक्षणाचेही तसेच. मोडीत जाणारा लोखंडाचा तुकडा घासून हात बसत नाही. हीच तिफण उद्या शेतात चालावयाची आहे, हे ठाऊक असलेला मुलगा सांधा निराळ्या काळजीने जोडतो. तो निखळला तर शेतकरी परत येतो, आणि त्याच्यासारखा कडक परीक्षक नाही.

तरी मृगापूर्वी आपल्या मंडळाने तिफणी व फवारणीचे पंप जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दुरुस्तीस देण्याविषयी तेथील प्राचार्यांशी बोलणे करावे. साहित्याचा खर्च आपण सोसावा, आणि काही मजुरी शिकणाऱ्या मुलाच्या हाती पडावी.