कचऱ्याची राख आणि काँक्रीट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहरी कचरा भट्टीत जाळल्यावर त्याचे आकारमान सुमारे ९० टक्क्यांनी घटते. मात्र वजनाचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा राख म्हणून मागे राहतो. सिंगापूरमध्ये ही राख १९९९ पासून सेमाकाऊ येथे समुद्रात बांध घालून तयार केलेल्या भरावभूमीत टाकली जाते. देशातली ही एकमेव भरावभूमी २०३५ च्या सुमारास भरेल, असा तिथल्या प्रशासनाचा अंदाज आहे. जागेच्या अशा टंचाईमुळे राख खडी-वाळूच्या जागी वापरण्याचा विचार अनेक देशांत पुढे आला. त्याबरोबर काही गैरसमजही पसरले.

गैरसमज: ही राख म्हणजे सिमेंटमध्ये घालतात तीच फ्लाय अ‍ॅश.

वस्तुस्थिती: सिमेंटमधली फ्लाय अ‍ॅश औष्णिक वीजकेंद्रात कोळशाची भुकटी जाळून मिळते. भारतात बाजारात मिळणाऱ्या पीपीसी सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के असते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील घाटघर जलविद्युत प्रकल्पाच्या धरणांतही कोळशाची राख मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. कोळशाच्या राखेची घडण बरीचशी एकसारखी असते. कचऱ्याच्या राखेत मात्र काचेच्या कपच्या, खिळे, क्षार असे काहीही सापडते आणि तिची घडण रोजच्या कचऱ्याप्रमाणे बदलते. म्हणूनच एकीचे निकष दुसरीला लावता येत नाहीत.

गैरसमज: कचऱ्याची सगळी राख सारखीच.

वस्तुस्थिती: भट्टीच्या जाळीखाली पडते ती तळराख. ती जाडसर, खडीमिश्रित वाळूसारखी असते आणि एकूण राखेत तिचाच वाटा मोठा असतो. धुराबरोबर उडून गाळण यंत्रणेत अडकते ती उडती राख. हिच्यात क्लोराइड, शिसे, जस्त, कॅडमियम आणि डायॉक्सिन एकवटतात. युरोपात उडती राख साधारणपणे घातक कचरा म्हणून हाताळली जाते. काँक्रीटमध्ये खडी-वाळूऐवजी जी वापरायची, ती तळराख.

गैरसमज: तळराख चाळली की थेट मिसळता येते.

वस्तुस्थिती: आधी चुंबकाने लोखंड काढावे लागते, मग एडी करंट यंत्राने अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे. अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण मागे राहिले तर ते ओल्या सिमेंटच्या अल्कधर्मी पाण्याशी अभिक्रिया करतात आणि हायड्रोजन वायू सुटतो. एएसी ब्लॉक तयार करताना अ‍ॅल्युमिनियमची पूड मुद्दाम घालतात ती याच वायूसाठी. त्याने मिश्रण ढोकळ्याच्या पिठासारखे फुगते. साध्या काँक्रीटमध्ये मात्र हेच फुगणे पोकळ्या आणि तडे निर्माण करते. राखेतली काचही सिमेंटमधल्या अल्कलीशी अभिक्रिया करून काही काळाने काँक्रीट फुगवू शकते. याशिवाय धातू काढलेली राख काही आठवडे ते काही महिने उघड्यावर ढीग लावून मुरवतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला जाऊन तिची अल्कता उतरते. शिसे, जस्त यांसारखे धातू कमी विरघळतात. क्षार काढण्यासाठी ती धुतलीही जाते.

गैरसमज: असे काँक्रीट विषारीच असणार.

वस्तुस्थिती: राखेत एखादा धातू किती आहे, एवढ्यावरून धोका ठरत नाही, पाण्यात तो किती झिरपतो हे तपासावे लागते. प्रक्रिया केलेली राख सिमेंटमध्ये बांधली गेली की झिरपणे बरेच कमी होते. पण ते आपोआप शून्य होत नाही. शिवाय बांधकाम पाडून चुरा केल्यावर पाण्याशी नवे पृष्ठभाग भिडतात. त्यामुळे नव्या काँक्रीटबरोबर चुऱ्याचीही चाचणी आवश्यक असते.

गैरसमज: उडत्या राखेचा बांधकामाला काहीच उपयोग नाही.

वस्तुस्थिती: ती थेट मिसळणे चुकीचे, पण जपानमध्ये उडत्या राखेसह कचऱ्याची राख चुनखडीबरोबर १,३०० अंश सेल्सियसहून अधिक तापवून ‘इकोसिमेंट’ बनवतात. त्या तापमानाला डायॉक्सिन विघटित होतात, तर शिसे, तांबे यांसारखे धातू क्लोराइडच्या रूपात उडतात आणि वेगळे काढता येतात. या सिमेंटसाठी जपानने २००२ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय मानक केले. टोकियोच्या तामा भागातला असा कारखाना २००६ पासून चालू आहे.

गैरसमज: एकदा प्रक्रिया झाली की कोणत्याही बांधकामाला चालते.

वस्तुस्थिती: तळराखेचे कण सच्छिद्र असतात. ते नैसर्गिक खडीपेक्षा हलके असतात, पाणी जास्त पितात आणि कमी मजबूत असतात. उरलेले क्लोराइड सळईला गंज चढवू शकते. सळई नसलेले पेव्हर ब्लॉक, भिंतीचे ब्लॉक, रस्त्याच्या कडेचे कर्ब आणि रस्त्याखालचे थर ही तिची जास्त सुरक्षित जागा. तिथेही बहुधा खडी-वाळूचा काही भागच बदलतात.

गैरसमज: यामुळे काँक्रीटचे कार्बन उत्सर्जन मोठ्या प्रमाणात घटते.

वस्तुस्थिती: काँक्रीटच्या उत्सर्जनाचा बहुतांश भार सिमेंटवर असतो, खडी-वाळूवर नाही. तळराख खडीची जागा घेते तेव्हा खाणकाम आणि भरावभूमीची जागा वाचते. सिमेंट तेवढेच लागते.

एकूण पाहता, कचऱ्याची राख सरसकट चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही. कोणती राख, तिच्यावर कोणती प्रक्रिया झाली आणि ती कुठे वापरायची, याची उत्तरे चाचणीच्या अहवालासह मिळाली तरच ती काँक्रीटमध्ये घ्यावी.