शेत आणि कार्यशाळा : शीळफाटा परिसरासाठी पदविका शिक्षणाची आखणी

ज्या गावाचे शिवार बदलते, त्या गावाचे शिक्षणही बदलावे लागते. हे तत्त्व सर्वांस मान्य असले तरी शिक्षणाची आखणी करताना त्याचा विसर पडतो. ठाणे जिल्ह्यातील शीळफाट्याचा परिसर हे या गोष्टीचे बोलके उदाहरण होय. मुंब्र्याकडून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता, कल्याणचा रस्ता आणि महापेमार्गे नव्या मुंबईकडे जाणारा रस्ता येथे एकत्र येतात. शीळ, देसाई, पडले, खिडकाळी, निळजे या गावांची भातखाचरे एके काळी सलग होती. आज त्याच रस्त्यावर मोठमोठ्या गृहवसाहती उभ्या आहेत. मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेचा २१ किलोमीटर लांबीचा बोगदा वांद्रे-कुर्ला संकुलातून निघून शीळफाट्यापाशी संपतो. एका बाजूस डोंबिवलीची, दुसऱ्या बाजूस तळोज्याची आणि तिसऱ्या बाजूस महापे-तुर्भ्याची औद्योगिक वसाहत आहे.

एवढा उद्योग दाराशी असूनही तेथील कुशल काम शेतकऱ्याच्या मुलास मिळेलच, याची शाश्वती नाही. जमीन कमी झाली म्हणून शेतीवर भागत नाही आणि हातात पदविका नाही म्हणून कारखान्यात हेलपाट्यापलीकडे काम मिळत नाही, अशा कात्रीत सापडलेल्या तरुणासाठी पदविका शिक्षणाची आखणी कशी असावी, याचा विचार शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करणे अगत्याचे आहे.

पदविकेचे स्थान

तांत्रिक शिक्षणाच्या तीन पायऱ्या मानल्या जातात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आय. टी. आय.) एखादा धंदा हाताने करावयास शिकवितात. विद्यापीठाच्या पदवीत योजना व संशोधन यांवर भर असतो. या दोहोंच्या मधला दुवा म्हणजे पदविकाधारक होय. नकाशा वाचून तो कामगाराकडून काम करवून घेतो, आणि कामगाराच्या हातात हत्यार का अडले हे त्यास स्वतः हत्यार धरून सांगता येते.

अभियांत्रिकी पदविका दहावीनंतर तीन वर्षांची आहे. आय. टी. आय.चा दोन वर्षांचा धंदा किंवा विज्ञान शाखेची बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास नियमांप्रमाणे थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, ही गोष्ट पुष्कळ पालकांस ठाऊक नसते. या पदविकांचे अभ्यासक्रम महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ ठरविते. कृषि पदविका मात्र कृषि विद्यापीठांच्या कक्षेत येते. कोकणापुरते हे काम दापोली येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषि विद्यापीठाकडे आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शेतीसाठी स्वतंत्र तंत्रनिकेतने असावीत अशी शिफारस केली होती. शेतीलाही मधल्या पायरीच्या तंत्रज्ञाची गरज आहे, हा त्यामागील विचार आजही तितकाच खरा आहे.

आधी कामाची पाहणी, मग पुस्तक

अभ्यासक्रम ठरविताना बहुधा जुनी पुस्तके पुढे ठेवून प्रकरणांची यादी केली जाते. ही रीत उलटी आहे. मॉस्को येथील तांत्रिक विद्यालयाचे प्रमुख व्हिक्टर देल्ला-वोस यांनी १८६८ च्या सुमारास सुतारकाम, लोहारकाम, कातकाम अशा प्रत्येक धंद्याची फोड केली, त्यातील क्रिया सोप्याकडून कठिणाकडे लावल्या, आणि त्या क्रमाने विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्या. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही पद्धत जगापुढे आली. पुढे १९६० नंतरच्या दशकात कॅनडात अशी पद्धत रूढ झाली की, अनुभवी कामगारांनाच एकत्र बसवून ‘तुम्ही दिवसभरात काय काय करता’ असे विचारावयाचे आणि त्यांच्या उत्तरांचा तक्ता करून त्यावरून अभ्यासक्रम बांधावयाचा.

हीच रीत शेतीस कशी लागू पडते, ते चारसूत्री भात लागवडीवरून पाहता येईल. या पद्धतीत सुधारित दोरीच्या साहाय्याने २५ व १५ सेंटिमीटर असे आलटून पालटून अंतर ठेवून लावणी करतात. १५ सेंटिमीटरच्या चौकोनातील चार चुडांच्या मध्यभागी युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. गोळीचे वजन सुमारे २.७ ग्रॅम असते. आता या एका कामातून किती विषय निघतात पहा. २५ व १५ मिळून ४० सेंटिमीटर होतात. म्हणजे दर ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनास एक गोळी लागते. हेक्टरी असे ६२,५०० चौकोन होतात व खत सुमारे १६९ किलो लागते. एका गुंठ्यास सुमारे ६३० गोळ्या व पावणेदोन किलोंच्या आत खत पुरते. हे झाले गणित. गोळी चिखलात खोल असल्याने नत्र पाण्याबरोबर वाहून जात नाही व हवेत कमी उडते, हे झाले रसायन. दोरीवर खुणा कशा कराव्यात, ही झाली मोजणी. लावणीच्या दिवशी किती माणसे लागतील, हे झाले व्यवस्थापन. विद्यार्थ्याने हे काम प्रत्यक्ष खाचरात करून मग वर्गात त्याची कारणे शिकली, तर ती त्याच्या कायमची ध्यानात राहतात. वर्गात फळ्यावर शिकलेला मनुष्य मात्र खाचरात उतरल्यावर दोरी कोणत्या बाजूने धरावी हेच विसरतो.

पिकाप्रमाणे वेळापत्रक

शीळफाटा परिसरात अद्याप भात व त्यामागून ओलीवर वाल, हरभरा आणि भाजीपाला घेणारी कुटुंबे आहेत. जून-जुलैत लावणी व ऑक्टोबरात काढणी या वेळी घरातील प्रत्येक हात लागतो. त्याच आठवड्यांत कडक हजेरी व परीक्षा ठेवल्या, तर मुलगा एक तर शिक्षण सोडतो किंवा शेत. यास्तव लावणी व काढणी हेच त्या महिन्यांचे प्रात्यक्षिक मानून शिक्षकाने खाचरावर जावे आणि विद्यार्थ्याच्या घरच्या कामाची नोंद त्याच्या गुणपत्रकात व्हावी, ही योजना अधिक शहाणपणाची ठरेल.

अशा व्यवस्थेची उदाहरणे आपल्या देशात आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषि विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ साली खते, बियाणे व औषधे विकणाऱ्या दुकानदारांसाठी एक वर्षाची पदविका सुरू केली. दुकानदारास दुकान बंद ठेवणे परवडत नाही, म्हणून वर्ग आठवड्यातून एकदा, बाजाराच्या सुटीच्या दिवशी भरतात. वर्षाच्या ४८ दिवसांपैकी ४० दिवस वर्ग व ८ दिवस शिवारफेरी असते. दुसरे उदाहरण पूर्वीच्या ठाणे व २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातील कोसबाडचे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे कार्य १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर आले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे पाहून त्यांनी कुरणातच शाळा नेली. ती कुरणशाळा लहान मुलांची होती. तथापि तिच्यामागील तत्त्व पदविकेलाही लागू आहे.

पाबळचा धडा

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. ते अन्नशास्त्राचे संशोधक होते व मोठ्या कंपनीतील संशोधनाचे काम सोडून खेड्यात आले होते. तेथील मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची एक वर्षाची पदविका चार भागांत वाटलेली आहे : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, आणि शेती व पशुपालन. शाळा अर्धवट सुटलेल्या मुलांसही तेथे प्रवेशाची वाट ठेवली गेली. विद्यार्थी जोडकाम करतो, वीज जोडतो, माती व पाणी तपासतो, जनावरांची निगा राखतो आणि या कामांतूनच विज्ञान शिकतो. गावास उपयोगी पडेल अशी खरी वस्तू किंवा सेवा निर्माण करणे हाच तेथे अभ्यास आहे. याच विचारातून निघालेला शाळांसाठीचा तंत्रशिक्षणाचा कार्यक्रम आठवड्यातील एक दिवस हातकामास देतो.

शीळफाटा परिसरास पाबळची नक्कल नको, कारण पाबळ हे अवर्षणाच्या पट्ट्यातील गाव आहे आणि हा प्रदेश पावसाचा व शहराच्या वेशीवरचा. येथे भाजीपाल्याची रोपवाटिका, गृहवसाहतींतील बागांची निगा, पॉवर टिलर व पंप यांची दुरुस्ती, शेतमालाची प्रतवारी व शीतगृह, विहिरी व सांडपाण्याची तपासणी ही कामे अधिक उपयोगाची आहेत. वाशी व कल्याण येथील कृषि उत्पन्न बाजार जवळ असल्याने माल हाताळण्याचे शिक्षण केवळ पुस्तकी राहणार नाही. पाबळकडून घ्यावयाचे ते एवढेच की, एकाच विद्यार्थ्याच्या हाती दोन-तीन धंद्यांची मुळे असावीत, म्हणजे एक बाजार बसला तरी तो उपाशी राहत नाही.

कारखान्यातील उमेदवारी

जर्मनीत विद्यार्थी आठवड्याचे काही दिवस कारखान्यात व उरलेले शाळेत घालवितो. या दुहेरी पद्धतीस तेथे १९६९ च्या कायद्याने एकसूत्री पाया मिळाला. आपल्याकडे शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी ठराविक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणे त्याअन्वये बंधनकारक आहे. पदविकाधारकांसही त्यात स्थान आहे. डोंबिवली, महापे व तळोजे येथील कारखान्यांची यादी करून कोठे किती जागा भरावयाच्या आहेत हे आधी पाहावे व त्याप्रमाणे पदविकेची शाखा निवडावी. आधी शाखा उघडून मागाहून जागा शोधीत फिरणे म्हणजे पेरणी झाल्यावर बियाण्याची उगवणशक्ती तपासण्यासारखे आहे.

सुरक्षितता हा वेगळा विषय नव्हे

दिनांक ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाटा येथे परवानगीवाचून घाईने उभी होत असलेली इमारत कोसळली व ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यात बांधकामावरील मजूर व त्यांची लहान मुले होती. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ व मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन अनेकांचे प्राण गेले. एखादा पदविकाधारक तेथे असता तर हे टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. कारण कायदा मोडणारास शिक्षणाने अडविता येत नाही. परंतु ओल्या काँक्रीटला पुरेसे दिवस पाणी न मारता वर मजला चढविणे का घातक आहे, दाब वाढलेल्या पात्राजवळ कोणी उभे राहू नये हे कसे ओळखावे, आणि अशा वेळी मालकास ‘हे काम मी करणार नाही’ असे लेखी कसे कळवावे, हे ज्यास शिकविले आहे तो निदान स्वतःचा व हाताखालच्या माणसांचा जीव वाचवू शकतो.

म्हणून सुरक्षितता हे शेवटच्या सत्रातील एक प्रकरण नसावे. कीटकनाशकाची फवारणी शिकविताना वाऱ्याची दिशा व हातमोजे, पंप शिकविताना अर्थिंग, मळणीयंत्र शिकविताना पट्ट्यावरचे झाकण, असे ते प्रत्येक कामाच्या पोटात असावे. सुरक्षिततेचा नियम मोडून उत्कृष्ट काम करणाऱ्या विद्यार्थ्यास त्या प्रात्यक्षिकात अनुत्तीर्ण करावे.

परीक्षा व फेरतपासणी

जे तपासले जाते तेच शिकले जाते. तीन तासांची लेखी परीक्षा पाठांतर तपासते. पदविकेत निम्म्याहून अधिक गुण प्रत्यक्ष कामास असावेत आणि ते काम बाहेरच्या अनुभवी कारागिराने वा शेतकऱ्याने पाहावे. बंद पडलेला पंप समोर ठेवून ‘दोष शोध व चालू कर’ असे सांगितले, तर विद्यार्थ्याचे ज्ञान अर्ध्या तासात कळते.

तंत्रशिक्षण मंडळाने अभियांत्रिकी पदविकांची मोठी फेररचना २०१२, २०१७ व २०२३ साली केली. राज्याच्या पातळीवर पाच-सहा वर्षांची ही चाल योग्यच आहे. परंतु शीळफाट्यासारखा परिसर त्याहून वेगाने बदलतो. यास्तव अभ्यासक्रमाचा मोठा भाग राज्याचा व एक लहान भाग स्थानिक निवडीचा ठेवून, तो दरवर्षी शेतकरी, कारखानदार व माजी विद्यार्थी यांच्या बैठकीत तपासावा.

कार्यकर्त्यांनी काय करावे

१. गावातील दहावी उत्तीर्ण व अनुत्तीर्ण मुलामुलींची यादी करावी. प्रत्येकाच्या घरी किती जमीन उरली व कोणते काम चालते, त्याची नोंद घ्यावी.

२. परिसरातील पंप दुरुस्तीवाले, रोपवाटिकाचालक, गवंडी व यंत्रचालक यांना एका संध्याकाळी चावडीवर बसवून त्यांच्या कामांचा तक्ता करावा. अभ्यासक्रमाचा खरा मसुदा तोच होय.

३. मुलींचा वेगळा विचार करावा. लावणीचे बहुतेक काम स्त्रिया करतात, तरी यंत्र आले की ते पुरुषाच्या हाती जाते. वर्गाची वेळ, निळजे स्थानक वा बसथांब्यापासूनचे अंतर व स्वच्छतागृह या तीन गोष्टींवर मुलीचे शिक्षण पुष्कळदा अवलंबून असते.

४. जमिनीचा मोबदला आलेल्या कुटुंबास त्यातील काही रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवण्याचा सल्ला वेळेवर द्यावा. मोटार व लग्न यांत पैसा गेल्यावर दिलेला सल्ला उपयोगी पडत नाही.

५. संस्थेची मान्यता, यंत्रसामग्री व प्रत्यक्ष हजर असणारे शिक्षक पाहिल्याखेरीज कोणत्याही पालकाने शुल्क भरू नये, हे ग्रामसभेत सांगावे.

जमीन एकदा गेली म्हणजे ती परत येत नाही. तिच्या जागी पुढच्या पिढीस काय द्यावयाचे, हा प्रश्न शीळफाट्याच्या प्रत्येक घरापुढे आहे. हाताला कौशल्य, त्या कौशल्याचे कारण सांगणारी बुद्धी आणि धोक्याच्या कामास नाही म्हणण्याचे धैर्य, एवढे जी पदविका देईल ती गेलेल्या एकराची संपूर्ण भरपाई करणार नाही. परंतु ज्याच्याजवळ ती आहे त्याला आपल्याच गावात परक्यासारखे उभे राहावे लागणार नाही.