ना छोटा, ना अवाढव्य : मधल्या बजेटच्या गेमची गोष्ट

डिसेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात एका फ्रेंच गेमने नऊ पुरस्कार पटकावले, वर्षातला सर्वोत्कृष्ट गेम हा मानही त्यातच आला. गेमचं नाव 'क्लेर ऑब्स्क्यूर : एक्स्पीडिशन ३३'. तो बनवणारी 'सँडफॉल इंटरॅक्टिव्ह' ही माँपेल्ये शहरातली कंपनी, आणि तिचा मुख्य चमू जेमतेम तीस जणांचा. दिग्दर्शक गियोम ब्रोश पूर्वी 'युबिसॉफ्ट' या बलाढ्य कंपनीत नोकरीला होते. आपल्याला हवा तसा गेम तिथे कधी होणार नाही हे उमजल्यावर ते बाहेर पडले. गेमचा खर्च १ कोटी डॉलरच्या आतच राहिला, म्हणजे आपल्याकडचे साधारण ८५-९० कोटी रुपये. बाजारात आल्यावर तीन दिवसांत १० लाख प्रती विकल्या गेल्या.

खर्चाचा हा आकडा आपल्याला मोठा वाटेल, पण या धंद्यात तो मधलाच आहे. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने २०२३ मध्ये नोंदवलं होतं की, बड्या कंपन्यांच्या एकेका गेमचं बजेट आता २० कोटी डॉलर आणि त्याहून वर जातं. दुसऱ्या टोकाला एकट्यादुकट्याने घरी बसून बनवलेले छोटे गेम असतात. या दोहोंच्या मधला पट्टा म्हणजे ज्याला या व्यवसायात 'डबल-ए' म्हणतात तो गेम. आपल्या गोष्टी जगासमोर मांडायच्या तर हाच पट्टा आपला आहे आणि तो धरून ठेवण्यासाठी आपण काहीतरी केलं पाहिजे, हे मी या लेखात सांगणार आहे.

मधला पट्टा का ओसरला

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ आणला. खेळणाऱ्याने एक पात्र घ्यायचं, त्याच्या वतीने निर्णय घ्यायचे, संकटं झेलत पात्राची ताकद वाढवत न्यायची. 'क्लेर ऑब्स्क्यूर' ज्यात मोडतो तो रोल-प्लेइंग गेम म्हणजेच आरपीजी हा प्रकार तिथून सुरू झाला. जपानमध्ये १९८६ ला 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९८७ ला 'फायनल फँटसी' आले आणि हा प्रकार घरोघरच्या टीव्हीवर पोचला. यात गोष्ट लांब असते, पात्रं पुष्कळ असतात, संवाद ढिगाने लिहावे लागतात. त्यामुळे आरपीजी फार स्वस्तात होत नाही. पण कथा पक्की असेल तर चित्रांचा डामडौल थोडा कमी असला तरी खेळणारा ते चालवून घेतो. मधल्या बजेटला हा प्रकार मानवतो तो यामुळे.

दोन हजारच्या दशकात चित्रांचा दर्जा वाढला, तसा खर्च फुगला. मधल्या गेमवर पोट असलेल्या प्रकाशकांची दमछाक झाली. 'टीएचक्यू' या अमेरिकी प्रकाशकाने डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा आता एक तर शंभर माणसांची फौज पाहिजे किंवा गॅरेज पाहिजे, असं बोललं जाऊ लागलं.

कोरोनाच्या काळात लोक घरी बसले, गेम खपले, पैसा ओतला गेला. मग ओहोटी लागली. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरातल्या गेम कंपन्यांतून वीस हजारांहून जास्त माणसं कमी झाल्याचे अंदाज आहेत. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ६,८७० कोटी डॉलरला 'अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड' विकत घेतली आणि तीन महिन्यांत १,९०० जणांना घरी पाठवलं. मे २०२४ मध्ये 'हाय-फाय रश'सारखा वाखाणला गेलेला मधल्या आकाराचा गेम करणाऱ्या 'टँगो गेमवर्क्स'ला टाळं लावायची घोषणा झाली. गेम चांगला होता, लोकांनी तो उचलूनही धरला होता, तरी स्टुडिओवर गदा आली. पुढे 'क्राफ्टन' या कोरियन कंपनीने तो घेतला म्हणून ती टीम टिकली.

अशा पडझडीत 'क्लेर ऑब्स्क्यूर' आला म्हणून त्याचं मोल. सँडफॉलने सगळं स्वतः केलं नाही. लढाईतल्या हालचालींचं काही काम कोरियातल्या कलाकारांकडे दिलं, चाचणीचं काम बाहेर दिलं आणि 'अनरियल इंजिन ५' हे तयार सॉफ्टवेअर वापरलं. कथा, कला-दिशा आणि संगीत मात्र स्वतःच्या हाती ठेवलं. फ्रान्समध्ये गेमसाठी करसवलत २००८ पासून आहे, आणि चित्रपटांना मदत करणारी सीएनसी ही सरकारी संस्था गेमनाही अर्थसाह्य देते. तीस माणसांना काही वर्षं एकाच कल्पनेवर घालवता यायची असतील, तर पाठीशी अशी व्यवस्था लागते.

हात आपले, गोष्ट दुसऱ्याची

भारतात कौशल्याचा तुटवडा नाही. बेंगळुरूत राजेश राव यांनी १९९७ मध्ये 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह' सुरू केली, तेव्हापासून आपले कलाकार परदेशी गेमसाठी गाड्या, इमारती, झाडं, चेहरे घडवत आले आहेत. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईत २०१८ पासून. सप्टेंबर २०२० मध्ये याच पुणे-मुंबईच्या टीमकडून 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती येणार अशी घोषणा झाली. पहिल्या झलकीवर टीका झाली, तारीख पुढे ढकलली गेली, मे २०२२ मध्ये काम मूळ गेम जिथे घडला त्या माँट्रियलकडे गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच गुंडाळला गेला.

यातून 'भारतीयांना जमत नाही' असा अर्थ काढणं अन्यायाचं आहे. दुसऱ्याच्या गोष्टीचा एकेक तुकडा करत राहिलं की तुकडा उत्तम करायची सवय लागते. पण अख्खा गेम पेलायला दिग्दर्शक, कथालेखक, निर्माता असे लोक लागतात, आणि ते घडायला पहिला गेम चुकायची मुभा हवी, वेळही हवा. पोलंडची 'सीडी प्रोजेक्ट' १९९४ मध्ये परदेशी गेमच्या सीड्या विकत होती. १९९९ मध्ये तिने 'बाल्डर्स गेट'ची पोलिश आवृत्ती काढली आणि २००७ मध्ये आंजेय सापकोव्स्की यांच्या पोलिश कथांवर स्वतःचा 'द विचर' आणला. जगभर डंका वाजला तो २०१५ च्या तिसऱ्या भागाने. बेल्जियमची 'लॅरियन' १९९६ ची, तिचा 'बाल्डर्स गेट ३' आला २०२३ मध्ये.

मी राहतो त्या मोहालीतही दुसऱ्याच्या गोष्टीचे तुकडे करण्याचंच चित्र आहे. फेज ८ च्या इंडस्ट्रियल एरियात काचेच्या इमारतींमध्ये परदेशी ग्राहकांसाठी अ‍ॅप आणि मोबाइल गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत. केंद्र सरकारच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया (एसटीपीआय) या संस्थेने इथे 'न्यूरॉन' नावाचं केंद्र उभारलं, त्याच्या विषयांत दृक्‌श्राव्य आणि गेमिंगही आहे. पंजाबी, हिमाचली, हरियाणवी मुलंमुली इथे सफाईने काम करतात. त्यांच्या आजोळच्या गोष्टी मात्र त्या कामात कुठेच येत नाहीत.

पुण्यातली राजी

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. अविचल सिंह, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी २०१७ मध्ये ही छोटी कंपनी काढली. त्याच वर्षी 'किकस्टार्टर'वर लोकांकडून पैसा उभा करायचा प्रयत्न फसला. तरी त्यांनी पदरमोड करून काम चालू ठेवलं. 'अनरियल' इंजिनच्या कंपनीकडून अनुदान मिळालं, पुढे प्रकाशक मिळाला. 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' ऑगस्ट २०२० मध्ये 'निन्टेन्डो स्विच'वर आणि ऑक्टोबरमध्ये बाकीच्या यंत्रांवर आला. त्या वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन होतं.

काटेकोर अर्थाने 'राजी' आरपीजी नाही, तो साहसाचा गेम आहे. बजेटही 'मधलं' म्हणावं इतकं नव्हतं. पण आपल्या पुराणकथांचा अद्भुत प्रदेश घेऊन जगाच्या बाजारात उतरलेला महाराष्ट्रातला पहिला मोठा प्रयत्न म्हणून तो आपल्या विषयाच्या सर्वांत जवळ आहे. राजी ही कसरती करणारी मुलगी. असुर तिचा धाकटा भाऊ गोलू याला पळवून नेतात. दुर्गा तिला त्रिशूळ देते, आणि ती भावाच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू वरून तिच्याकडे बघत एकमेकांशी बोलत राहतात, त्या संवादातून गोष्ट उलगडते. राजी लढते तीही कसरतपटूसारखी. खांबाला गिरकी घेते, भिंतीवरून पळत सुटते, उडी मारून असुराच्या डोक्यावरून पलीकडे जाते. पात्राचा पेशा आणि खेळायची रीत यांची अशी सांगड भल्याभल्या गेममध्ये सापडत नाही.

तिचं जग रंगवलंय पहाडी लघुचित्रांच्या वळणाने. ही चित्रं पाहायला मोहालीहून अर्ध्या तासात चंदीगडच्या सेक्टर १० मधल्या शासकीय संग्रहालयात पोचता येतं. फाळणीनंतर १९४८ मध्ये लाहोर संग्रहालयाची वाटणी झाली, तेव्हा चाळीस टक्के ऐवज भारताच्या वाट्याला आला. त्यावर आणि सनदी अधिकारी एम. एस. रंधावा यांनी जमवलेल्या पहाडी चित्रांवर हे संग्रहालय उभं आहे. ब. न. गोस्वामी यांच्यासारख्या अभ्यासकाने याच शहरात राहून या चित्रकारांची घराणी शोधून काढली. इथलं एखादं कांगडा किंवा गुलेर चित्र जवळून बघा. महालाची गच्ची वरून दिसते, तर माणसं समोरून. भिंत उघडी ठेवून आतली खोली दाखवलेली असते. जिना, अंगण, झरोका सगळं एका नजरेत येतं, आणि डोळा एका पात्राकडून दुसऱ्या पात्राकडे आपोआप सरकतो. 'राजी'चा कॅमेरा बहुतेक वेळ असाच वर, जरा तिरका असतो. किल्ल्याच्या तटबंदीवर राजी इवलीशी दिसते, भोवती गुलाबी-केशरी आभाळ आणि कमळं. चित्रातला अवकाश इथे चालण्या-पळण्याची जागा झाला आहे. परंपरेचा असा उपयोग वरवरच्या नक्षीकामाच्या फार पुढचा असतो.

उणिवाही होत्या. चार-पाच तासांत गेम संपतो, शेवट घाईने आल्यासारखा वाटतो, काही लढायांत हालचाली अडखळतात. माणसं आणि पैसा कमी पडल्याच्या या खुणा आहेत, कल्पना तोकडी असल्याच्या नाहीत. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात हिंदी आवाजही होते. आणि २०२५ मध्ये याच चमूने 'राजी : कलियुग' या पुढच्या भागाची घोषणा केली. माझ्या लेखी पहिल्या गेमच्या कौतुकाहून ही बातमी मोठी आहे. आपल्याकडे पहिले प्रयत्न खूप होतात, दुसरा गेम करण्याइतकं टिकणारे फार थोडे.

पैसा कुठे गेला, कुठे जायला हवा

गेली काही वर्षं भारतातल्या 'गेमिंग'चा पैसा मुख्यतः रोख पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपकडे गेला. रम्मी, पोकर, क्रिकेटच्या काल्पनिक संघांचे खेळ यांतून परतावा झटपट दिसत होता. चार वर्षं खपून एक गोष्ट घडवणाऱ्या स्टुडिओकडे पाहायला कुणाला सवड नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावायच्या खेळांवर बंदी आली, 'ड्रीम ११'ने रोख स्पर्धा थांबवल्या. या बंदीबद्दल मतभेद असू शकतात. पण आता 'गेम' म्हणून जे उरतं ते खऱ्या अर्थाने गेम आहे, आणि गुंतवणुकीने तिकडे वळायची ही वेळ आहे.

हालचाल सुरू झाली आहे. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था २०२५ मध्ये उभी राहिली. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन-गेमिंग धोरण मंजूर केलं, त्यात २०५० पर्यंत ३,२६८ कोटी रुपयांची तरतूद आहे. लेखक अमीश त्रिपाठी, अमिताभ बच्चन आणि पूर्वी युबिसॉफ्टमध्ये असलेले नूरेद्दीन अबूद यांच्या 'तारा गेमिंग'ने 'द एज ऑफ भारत' हा अद्भुतरम्य गेम हाती घेतला आहे. चीनच्या 'ब्लॅक मिथ : वुकाँग'ने ऑगस्ट २०२४ मध्ये तीन दिवसांत १ कोटी प्रती विकल्या, तेव्हापासून सगळ्यांना आपापली पुराणं आठवली आहेत. पण 'वुकाँग'एवढा खर्च एकाच डावावर लावणं हा आपला मार्ग नव्हे. तेवढ्या पैशात दहा मधले गेम होतात. त्यातले सात पडले तरी दहा चमू शिकून तयार होतात.

मधल्या खर्चात अद्भुत गोष्ट सांगण्याचा अंदाज मराठी माणसाने सिनेमात घेतलेला आहे. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) कित्येक वर्षं रखडून पूर्ण झाला आणि २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा आधीपेक्षा जास्त चालला. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'ने (२०२४) कोकणातल्या लोककथेवर मर्यादित खर्चात शंभर कोटींच्या पुढे गल्ला जमवला. मुंजा, वेताळ, म्हसोबा, साती आसरा ही नुसती भुतांची यादी नाही. प्रत्येकाची हद्द ठरलेली, प्रत्येकाला चालणारा नैवेद्य ठरलेला, प्रत्येकाशी वागायचे नियम ठरलेले. नियमांनी बांधलेलं असं अद्भुत जग आरपीजीला आयतं हवं असतं.

आणि चित्रशैलीचं म्हणाल, तर 'राजी'ने गोष्टीच्या मधल्या प्रसंगांसाठी बालीतल्या छायाबाहुल्यांची धाटणी घेतली. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाकडे चामड्याच्या बाहुल्यांची स्वतःची परंपरा आहे, शिवाय चित्रकथी आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीची एकेक पोथी म्हणजे सुट्या चित्रांचा संच. गाणारा एक चित्र पुढे ठेवतो, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीत तो प्रसंग सांगतो, मग पुढचं चित्र. ठसठशीत डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, रथ, राक्षस, युद्ध, सगळं त्यात आहे. पैठण शैलीची अशी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. पुण्यातल्या गेम कलाकाराला ती पाहायला शहराबाहेरही जावं लागत नाही.

म्हणून राज्याच्या धोरणाकडे आपलं मागणं स्पष्ट हवं. नव्या इमारतींच्या आधी तीस माणसांच्या चमूला तीन-चार वर्षं पुरेल असं टप्प्याटप्प्याचं अर्थसाह्य द्या. गोष्टीची मालकी स्टुडिओकडेच राहू द्या. ज्यांचा पहिला गेम पूर्ण झाला, मग तो चालो वा न चालो, त्यांना दुसऱ्यासाठी आधी उभं करा. पिंगुळीच्या कलाकाराला श्रेय आणि मानधन करारात लिहून द्या. संवाद मराठीतही असावेत अशी अट घाला, कारण एकूण खर्चात तो भाग लहान असतो. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी गेम खेळणारी मुलं आहेत, त्यांनी आपल्या मातीतला गेम आला की तो पैसे देऊन घ्यावा, पहिल्याच आठवड्यात घ्यावा. दुसरा गेम होणार की नाही याचा निर्णय बहुतेक वेळा त्या पहिल्या आठवड्याच्या विक्रीवर होतो.