चौघांचं एकमत म्हणजे पुरावा नव्हे

पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गात आशय विश्लेषणाचा गटप्रकल्प आला की एक वाक्य ठरलेलं असतं : "सर, आम्ही चौघांनी बसून कोडिंग केलंय, सगळ्यांचं एकमत झालंय." विषय अनेकदा करोनाकाळात मोबाइलवरून फिरलेल्या आरोग्यविषयक मजकुराचा असतो. छत्रपती संभाजीनगरला हा विषय परका नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात, पात्र लोकांपैकी सुमारे ५५ टक्क्यांनीच लस घेतली होती. राज्यात हे प्रमाण ७४ टक्के होतं. किमान एक डोस घेतलेल्यांनाच पेट्रोल, गॅस आणि रेशन द्यावं, असा आदेश जिल्हा प्रशासनाने काढला तो त्यामुळेच. इतक्या गंभीर विषयाचा अभ्यास 'बसून केलेल्या' एकमतावर उभा राहतो, हे चालवून घेण्यासारखं नाही.

एकत्र बसून जमवलेलं एकमत आशय विश्लेषणात मोजलंच जात नाही. प्रत्येक कोडरने, म्हणजे संदेशांना खुणा देणाऱ्याने, आधी एकट्याने, दुसऱ्याची शीट न पाहता, तेच संदेश तपासायचे असतात. मग शीट शेजारी ठेवायच्या, किती ठिकाणी जुळलं ते मोजायचं आणि चर्चा त्यानंतर. हा क्रम उलटला की गटात जो ठामपणे बोलतो त्याचंच मत चौघांच्या नावावर जमा होतं.

हळदीचंच उदाहरण घ्या. समजा संदेश असा आहे : 'रोज गरम पाणी आणि हळदीचं दूध घ्या, करोना जवळ येणार नाही.' एक विद्यार्थिनी त्यापुढे 'चुकीची माहिती' लिहिते, दुसरा 'सरकारी सल्ला' लिहितो. दोघांकडेही कारण आहे. मार्च २०२०च्या अखेरीस आयुष मंत्रालयाने प्रतिकारशक्तीसाठी गरम पाणी आणि हळदीचं दूध खरोखरच सुचवलं होतं. मात्र हा करोनावरचा उपचार असल्याचा दावा नाही, हेही त्याच सूचनेत नोंदवलं होतं. म्हणजे 'जवळ येणार नाही' हे शब्द संदेशात वरून जोडलेले. हे मतभेद कागदावर आले तरच कोडबुकात, म्हणजे खुणांच्या नियमावलीत, नवा नियम येतो : प्रतिकारशक्तीचा सल्ला एका रकान्यात, आजार टळण्याचा किंवा बरा होण्याचा दावा दुसऱ्या रकान्यात. चहा पिता पिता एकमत झालं असतं तर हा नियम सुचलाच नसता.

आणि असे संदेशच जास्त होते. रॉयटर्स इन्स्टिट्यूटने एप्रिल २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिशाभूल करणारे २२५ नमुने तपासले होते. त्यांतले ५९ टक्के खऱ्या माहितीला पीळ देऊन केलेले होते, निव्वळ रचलेले ३८ टक्के. 'खरं' आणि 'खोटं' असे दोनच रकाने आखणारा गट इथेच फसतो.

"पण आमचं नव्वद टक्के जुळलं!" हाही युक्तिवाद होतो. शंभर संदेश घ्या. दोघा कोडरांनी प्रत्येकी दहा संदेश 'चुकीचे' ठरवले. त्यांतले पाचच सामाईक निघाले. उरलेल्या ८५ संदेशांवर दोघंही 'ठीक' म्हणाले. जुळणी नव्वद टक्के झाली खरी, पण याच प्रमाणात डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी सरासरी ८२ टक्के जुळलं असतं. हा योगायोग वजा करणारं कप्पा हे माप जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये मांडलं. इथे ते जेमतेम ०.४४ भरतं. क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांनी आपल्या अल्फा या अशाच मापासाठी ०.८०ची अपेक्षा ठेवली होती आणि ०.६६७च्या खाली निष्कर्ष काढू नका, असं सांगितलं होतं.

जुळणी चांगली आली तरी उत्तर बरोबर असेलच असं नाही. चौघांनाही वैद्यकीय माहिती नसेल तर चौघंही तीच चूक करतील. म्हणून कोडबुक तयार होतानाच जाणत्या डॉक्टरांना दाखवायचं असतं.

बाकीचे गैरसमज किरकोळ. कोडिंग म्हणजे संगणकाची भाषा नव्हे. मजकुराला ठरलेल्या नियमाने खूण देणं, इतकंच. सॉफ्टवेअर सगळं करून देईल? जून २०२१मध्ये नाशिकहून लसीनंतर अंगाला नाणी-चमचे चिकटल्याची बातमी आली आणि केंद्र सरकारच्या पीआयबीने तिचा इन्कार केला. शब्द दोन्हींत तेच, म्हणून नुसत्या शब्दांवरून शोधणारं यंत्र अफवा आणि खुलासा एकाच ढिगात टाकतं. मित्रांच्या ग्रुपवर आलेले संदेश हा शहराचा नमुना नसतो. बीएमजे ग्लोबल हेल्थमधल्या २०२०च्या अभ्यासात यूट्यूबच्या ६९ व्हिडिओंपैकी १९ व्हिडिओंत चुकीची माहिती आढळली, पण तो आकडा मराठीला लावू नये : इंग्रजी नसलेले व्हिडिओ त्यात आधीच वगळले होते. आणि संभाजीनगर जिल्ह्यात लसीकरण अफवांमुळे रखडलं का, हे संदेश मोजून कळत नाही. त्यासाठी लोकांकडे जाऊन विचारावं लागतं.

प्रकल्प तपासणाऱ्या मार्गदर्शकांनी चर्चेआधीच्या चारही कोडिंग शीट मागवाव्यात. त्या जोडलेल्या नसतील तर प्रकल्प परत पाठवावा.