बुडाचा रंग: आधी माप काढा, मग डबा घ्या



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर आल्या की बुडाच्या रंगाचा खर्च समोर उभा राहतो. "यंदा स्वस्तातला मारूया," असं बरेच जण म्हणतात. पण बुडाला शेवाळ आणि बार्नॅकल धरले की बोट जड चालते आणि तेवढ्याच वेगाला डिझेल जास्त जळतं. डब्यावर वाचवलेले पैसे टाकीत जातात. म्हणून बचत करायची ती अशी:

१) गरज आहे का बघा. रोज वाळूवर ओढून ठेवता त्या होडीला हा महाग रंग लागत नाही. उन्हावाऱ्यात बूड सुकतं, चिकटलेलं मरतं. जेटीला कायम पाण्यात उभ्या राहणाऱ्या बोटीलाच तो हवा.

२) माप काढा. पाण्यातली लांबी × (रुंदी + पाण्यातली खोली). समजा लांबी १० मीटर, रुंदी ३, खोली १, तर अंदाजे ४० चौरस मीटर. एक लिटर किती जागेला पुरतो ते डब्यावर असतं. ८ चौरस मीटर असेल तर एका हाताला ५ लिटर, दोन हातांना १० लिटर. अंदाजाने जास्त डबे आणू नका.

३) बोट वर आली की त्याच दिवशी खरवडा. ओले असताना बार्नॅकल सहज निघतात, सुकले की दगड होतात आणि मजुरी वाढते. मग गोड्या पाण्याने धुवा.

४) रंग मात्र उतरवायच्या आधीच मारा, जूनमध्ये नको. वर ताडपत्री हवीच, ओल्या बुडावर रंग धरत नाही. शेवटचा हात मारल्यावर किती वेळाने बोट पाण्यात घालायची, ते डब्यावर वाचा.

५) डबा तळापासून ढवळा. तांबं जड, ते खाली बसतं. न ढवळता मारलात तर वरचं पातळ पाणी बोटीला आणि खरा माल डब्यातच. रंग वाढवायला थिनर ओतू नका.

६) पहिला हात एका रंगाचा, दुसरा वेगळ्या रंगाचा मारा. पुढच्या वर्षी खालचा रंग दिसेल तिथे वरचा झिजला असं समजा. बाकीचा घट्ट असेल तर तेवढ्याच जागी जास्त रंग लागेल. पाण्याची रेघ, नाळ आणि सुकाणू इथे आधीच एक हात जास्त द्या, तिथे झीज जास्त.

७) झिंकच्या पट्ट्यांवर रंग मारू नका, मारलात तर त्यांचं कामच थांबतं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा रंग चालत नाही, धातू खाल्ला जातो.

कोणी टीबीटी म्हणजे टिनवाला जुना रंग स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. कालवं-शंखांना त्याने फार नुकसान होतं, म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार २००८ पासून बोटींना तो लावायला बंदी आहे. आपला तांब्याचा रंगही विषारीच. सुका घासू नका, पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा. खरवडलेला चुरा ताडपत्रीवर गोळा करा, खाडीत लोटू नका. त्याच खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं आपल्या घरी शिजतात.

ज्यांना एकत्र खरेदी करायची असेल त्यांनी बोटीचं माप, लाकूड की फायबर, आणि आधी कुठला रंग मारलाय ते सोसायटीत कळवा. मोठा ड्रम वाटून घेतला तर भाव करता येतो.

आपला,
सेक्रेटरी