बिज्जूच्या नावे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जनावरांवर लेख लिहावा, याचे आमच्या वर्गमित्रांना हसू येईल. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत बऱ्हाणपूरला मामांकडे असताना माझ्या हातून एक चुकीची नोंद झाली, आणि ती खोडता येण्यासारखी नाही.

मामांचे घर जुन्या वस्तीत, लाकडी माळ्याचे. रात्री अकराच्या सुमारास माळ्यावर खुडबुड झाली. मामांनी शिडी लावली, मी मोबाइलचा उजेड वर धरला. तुळईवर दोन डोळे चमकले. गल्लीतून कुणीतरी ओरडले, "कबर-बिज्जू है!" पाठोपाठ मीही तेच ओरडलो. पाच मिनिटांत काठ्या आल्या. खाली पडलेल्या त्या जनावराची शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब होती. शेजारी एक निवृत्त वनरक्षक राहतात. सकाळी त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "अरे, हा बिज्जू नव्हे. बिज्जूला एवढी शेपटी कुठे असते? हे उदमांजर."

आता हे उदमांजर म्हणजे काय, ते पाहू. 'ऊद' म्हणजे नदीत मासे धरणारे पाणमांजर. परंतु आमचे उदमांजर ऊदही नव्हे आणि मांजरही नव्हे. त्याचे कूळच निराळे. काही भागांत त्याला कांडेचोर म्हणतात. याच कुळातल्या जनावरांना कानडीत 'पुनुगु बेक्कु' म्हणतात, आणि बेक्कु म्हणजे मांजर; तेव्हा आमच्या अंकाच्या कानडी विभागातील मित्रांनीही फार हसू नये! हे उदमांजर झाडावर सहज चढते, रात्री हिंडते, पिकली फळे खाते, उंदीर-घुशी खाते आणि दिवसा झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या घराच्या माळ्यावर झोपते. खाल्लेल्या फळांच्या बिया विष्ठेतून दूरवर टाकते, म्हणजे फुकट पेरणी करते.

खरा बिज्जू सातपुड्याच्या रानात, मेळघाटाकडे राहतो. आखूड पाय, आखूड शेपटी, कान नावापुरते. पाठ राखट-पांढरी आणि पोट काळे, जणू पाठीवर कांबळे टाकले आहे. पुढच्या पायांची नखे लांब असतात. त्यांनी तो बिळे उकरून उंदीर, साप, विंचू काढतो. मधाची पोळीही फोडतो. कातडी इतकी जाड आणि सैल, की मोठ्या जनावराने मान धरली तरी आतल्या आत वळून उलटा चावा घेतो. माती उकरणे हाच त्याचा धंदा असल्याने कबरस्तानात उकरलेली माती दिसली की नाव त्याचेच. कुत्री आणि कोल्हेही उथळ पुरलेले उकरतात, पण त्यांना कुणी 'कबर-कुत्रा' म्हणत नाही. आमच्या जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे, तर ज्याचा पत्ता लागत नाही अशी प्रत्येक रक्कम बिज्जूच्या नावे टाकलेली आहे. २००७ साली इराकमधील बसरा शहरात तर अशी आवई उठली होती, की ही माणसे खाणारी जनावरे ब्रिटिश फौजेनेच आणून सोडली. फौजेला तसा खुलासा करावा लागला!

बिज्जूचा एक चुलतभाऊ कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत आहे. इंग्रजीत त्याला 'फिशर' म्हणतात, म्हणजे मासे मारणारा. आणि तो मासे जवळजवळ मारतच नाही. युरोपातील एका लहान केसाळ जनावराच्या जुन्या नावाचा तो अपभ्रंश असावा असे मानतात. त्याची खरी करामत निराळी आहे. तिकडच्या साळिंदराला तो मारू शकतो. पाठीवर आणि शेपटीवर काटे असले तरी साळिंदराचे तोंड उघडेच असते. फिशर त्याच्याभोवती फिरत राहतो, तोंडावर पुन्हा पुन्हा चावे घेतो आणि ते दमले की उलथवतो. केसाळ कातड्याच्या मोहाने माणसांनी फिशर इतके मारले, की अनेक ठिकाणी ते उरलेच नाहीत. मग साळिंदरे माजली आणि झाडांच्या साली सोलू लागली. इमारती लाकडाचे नुकसान दिसू लागले, तेव्हा १९५९ ते १९६७ या काळात अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याने बाहेरून फिशर आणून पुन्हा रानात सोडले. लाकडाचे नुकसान रुपया-पैशात मोजता येते, म्हणून तिथे शिकाऱ्याची किंमत कळली. आमच्या माळ्यावरच्या उंदरांचा हिशेब कोण ठेवतो?

कायद्याने मात्र ठेवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बिज्जू आहे आणि उदमांजरालाही त्याच कायद्याचे संरक्षण आहे. हे त्या रात्री आम्हां कुणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर काठ्या थांबल्या असत्या की नाही, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण काठीच्या आधी माझा आवाज गेला होता.

त्या शेजाऱ्यांना मी विचारले, "काका, मग करायचे काय होते?" ते म्हणाले, "दिवा मालवायचा, माळ्याची खिडकी उघडी ठेवायची आणि झोपायचे. पहाटेच्या आत आपले आपणच निघून गेले असते."